डेड स्टॉकमध्ये नसलेलं नाव

सहकारी संस्था असो, शाळा असो की पेठेतलं वाचनालय, कपाटात एक जाड वही असतेच : डेड स्टॉक रजिस्टर. खुर्च्या किती, लोखंडी कपाटं किती, भिंतीवरचं घड्याळ कधी घेतलं, पाण्याची टाकी कितीला पडली, सगळं त्यात. मोडकी खुर्चीसुद्धा सभेत ठराव होऊन निर्लेखित झाल्याशिवाय त्या वहीतून हलत नाही. अशा संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. एका ठिकाणी एक पाय नसलेला स्टूल मी दर मार्चअखेर मोजतो. तो भिंतीला टेकवून उभा केलेला असतो, मी त्याच्यापुढे बरोबरची खूण करतो आणि पुढे सरकतो. पण आजवर एकाही रजिस्टरात मला संस्थेचं डोमेन, म्हणजे तिच्या वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, सापडलेलं नाही.

स्टुलाची किंमत शून्य आहे. डोमेनची नाही. आणि ज्याची किंमत संस्थेला ठाऊक नाही ती बाहेरच्या कुणाला तरी नेमकी ठाऊक असते, हा व्यवहाराचा जुना नियम आहे. मुदत संपून बेवारस झालेली संस्थांची नावं आज लिलावात जातात आणि त्यांच्याबरोबर लोकांनी त्या नावावर टाकलेला विश्वासही विकला जातो. ‘त्या संस्थेचा गलथानपणा, आपल्याला काय’ असं म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

आमच्याच कोल्हापुरातल्या वाचनालयाचं सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या घरातली भांडी वाजवल्यासारखं होणार नाही. मी तिथे मानद हिशेबनीस. २०११ च्या सुमारास वाचनालयाची वेबसाइट निघाली. तेव्हाच्या कार्यवाहांचा भाचा कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं हौसेनं, पदरचे पैसे घालून केली. कॉम्प्युटरसमोर नारळ वाढवला, पेढे वाटले, पाणी कीबोर्डवर उडालं म्हणून भाचा चिडला, एवढं मला लख्ख आठवतं. पुढे भाचा नोकरीला हिंजवडीत गेला. कार्यवाह बदलले. चार्ज देता-घेताना किल्ल्या, शिक्का, चेकबुक, वर्गणीची पावतीपुस्तकं यांची यादी झाली, सह्या झाल्या. वेबसाइट यादीत नव्हती, कारण ती कपाटात नव्हती. मुदत संपत आल्याच्या सूचना इमानेइतबारे जात राहिल्या, त्या भाच्याच्या कॉलेजातल्या ईमेलवर. तो ईमेल त्यानं उघडायचंच सोडून दिलं होतं. २०२२ मध्ये नाव गेलं.

कळलं कसं? ऐंशीच्या घरातले एक जुने वर्गणीदार सकाळी पेपर वाचायला आले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “काय हो हिशेबनीस, आपल्या वाचनालयात आता तीन पत्ती चालतीय व्हय? नातवानं मोबाइलवर दावलं. म्हटलं, मला कसं कुणी बोलवलं न्हाई?”

उघडून बघितलं. वर वाचनालयाचं नाव, आमच्याच इमारतीचा जुना फोटो, स्थापनेची चार वाक्यं. खाली रमी, बोनस, ‘आजच खेळा’. आमचा पत्ता गेला होता आणि त्या जागी पत्ते आले होते.

आमच्यापैकी कुणीही काही विकलं नव्हतं, कुठे सही केली नव्हती, कुणी कुलूप फोडलं नव्हतं. मग हे झालं कसं, हे समजून घेताना पहिल्यांदा माझ्याच डोक्यातला एक घोळ निस्तरावा लागला. आपण सहज म्हणतो, ‘डोमेन विकत घेतलं’. डोमेन विकत मिळतच नाही. तो महापालिकेच्या गाळ्यासारखा प्रकार आहे : भाडं भरा, मुदतीपुरता वापरा, मुदत संपली की पुन्हा भरा. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं. कायमचं कुणालाच नाही, जगातल्या बड्यात बड्या कंपनीलाही नाही. १९९५ पर्यंत ही नावं फुकट मिळत. त्या वर्षी अमेरिकेत २ वर्षांना १०० डॉलर आकारणी सुरू झाली. आज साध्या नावाला वर्षाला हजार-दीड हजार रुपये पडतात.

मुदत संपली म्हणून नाव त्याच रात्री जात नाही. ज्या कंपनीमार्फत ते नोंदवलं ती रजिस्ट्रार कंपनी ४५ दिवसांपर्यंत थांबू शकते. त्यानंतर नाव रद्द झालं तर ३० दिवस सोडवणुकीचे. गुजरीतल्या सराफाकडे गहाण टाकलेला दागिना सोडवायला जावं तसं, मूळ फीच्या कितीतरी पट जास्त मोजून नाव परत आणता येतं. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि सहाव्या दिवशी नाव जगाला खुलं. या सगळ्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि मुदत उलटल्यावर ५ दिवसांच्या आत एक, अशा किमान तीन सूचना मालकाला जायला हव्यात. त्या जातातही. आमच्याही गेल्या. प्रश्न त्या कुणाच्या दारात पडतात हा आहे.

कागदावरचा हा क्रम असा असला तरी किंमत असलेलं नाव बहुतेकदा शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. सवलतीचे दिवस चालू असतानाच रजिस्ट्रार कंपनी ते लिलावात लावते. मूळ मालक जागा झाला तर त्याचं त्याला, नाही तर वरच्या बोलीवाल्याला. आणि जे नाव खरोखर रद्द होऊन बाहेर पडतं, ते झेलायला काही कंपन्यांचे प्रोग्राम त्या क्षणी दबा धरून बसलेले असतात. मिनिटभराचाही प्रश्न नसतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत नाव गेलेलं असतं. ‘कुणी घेतलं नाही तर पुढच्या महिन्यात बघू’ हे आमच्या कमिटीचं आवडतं धोरण इथे चालत नाही.

पण पेठेतल्या वाचनालयाचं नाव घेऊन कुणाला काय करायचंय? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तसा बहुतेकांना पडतो. या धंद्यातली झगमग वेगळीच असते : २०१९ मध्ये ‘व्हॉइस’ या एका शब्दाचं डॉट कॉम ३ कोटी डॉलरना विकलं गेलं, अशा बातम्या आपण वाचतो. त्या वाचून राजारामपुरीत, शाहूपुरीत एकेका पोरानं शंभर-शंभर नावं नोंदवून ठेवल्याचं मी बघितलंय. गावांची नावं, पिकांची नावं, होऊ घातलेल्या कंपन्यांची नावं. वर्षाअखेर भाडं भरायची वेळ आली की त्यातली नव्वद सोडून देतात. मटक्याच्या आकड्यात आणि यात फरक एवढाच की मटक्याचा निकाल लवकर लागतो. मुदत संपलेल्या नावांपैकी बहुसंख्य नावं कवडीमोलाची असतात, हे कुणी सांगत नाही.

आमच्या नावाची किंमत त्या शब्दात नव्हती, ती त्याच्या वयात आणि ओळखीत होती. अकरा वर्षांत आमच्या साइटचा दुवा एका विद्यापीठाच्या पानावर होता, दोन-तीन वर्तमानपत्रांच्या बातम्यांत होता, शाळांच्या पानांवर होता. या दुव्यांना बॅकलिंक म्हणतात. गूगलसारखी शोधयंत्रं अशा दुव्यांकडे ओळखीच्या माणसानं दिलेल्या शब्दासारखं बघतात : ज्याच्याबद्दल भले लोक चांगलं बोलतात, तो भला असणार. नव्या जुगाराच्या साइटला ही पत मिळवायला वर्षं लागतील. आमचं नाव घेतलं की ती एका लिलावात मिळते. म्हणजे विकलं काय गेलं? अकरा वर्षं ज्यांनी आम्हाला चांगलं म्हटलं, त्यांचा शब्द. तो ना आमचा होता, ना रजिस्ट्रार कंपनीचा.

हे केवळ आमच्या पेठेचं रडगाणं नाही. मार्च २०२४ मध्ये गूगलनं आपल्या स्पॅमविरोधी धोरणात मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा प्रकार मुद्दाम नोंदवला. त्यात दिलेली उदाहरणं वाचली आणि मी क्षणभर थांबलोच : पूर्वी सरकारी खात्याच्या असलेल्या साइटवर कमिशनची जाहिरातबाजी, पूर्वी वैद्यकीय सेवाभावी संस्थेच्या असलेल्या साइटवर वैद्यकीय उत्पादनांची विक्री आणि पूर्वी प्राथमिक शाळेच्या असलेल्या साइटवर कॅसिनो. सरकार, दवाखाना, शाळा. तिन्ही सार्वजनिक विश्वासाच्या जागा. बंद पडलेल्या बिअर बारचं नाव घेऊन कुणी शाळा काढत नाही, व्यवहार एकाच दिशेनं चालतो. गूगलनं नियम केला हे बरं झालं, पण तो शोधाच्या निकालापुरता. आमच्या जुन्या पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता टाइप करणाऱ्या आजोबांना त्याचा उपयोग नाही.

कोल्हापूरकराला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आपण रोज नसलेल्या गोष्टींच्या नावानं पत्ते सांगतो. गंगावेशीतली वेस जाऊन किती पिढ्या लोटल्या, पण रिक्षावाल्याला गंगावेश म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. वरुणतीर्थ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे तळं येत नाही, गांधी मैदान येतं. टॉकीज पडते आणि चौक टॉकीजचाच राहतो. वस्तू जाते, नाव राहतं, आणि लोक नावाच्या मागे चालत राहतात, ही आपल्या गावाची रीत आहे. फरक एवढाच की गंगावेश हे नाव उद्या कुणी लिलावात घेऊन सगळ्या रिक्षा आपल्या क्लबकडे वळवू शकत नाही. इंटरनेटवर वळवू शकतो.

आणि नावाच्या बाबतीत आपण भोळे आहोत असंही नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्रादानं कोल्हापुरीसारखी चप्पल आपली म्हणून मिरवली, तेव्हा सगळं गाव पेटून उठलं होतं. चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे हे चहाच्या गाड्यावरसुद्धा लोक एकमेकांना सांगत होते. मीही सांगत होतो. त्याच दिवसांत आमच्या वाचनालयाच्या नावावर रमी चालू होती आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, मी धरून.

जुगाराची जाहिरात हा निदान उघड प्रकार झाला. शरम वाटते, पण दिसतं तरी. खरा धोका ईमेलचा आहे आणि तो दिसत नाही. ज्याच्या हातात डोमेन, त्याच्या हातात त्या डोमेनवरचे सगळे ईमेल पत्ते. संस्थेचं बँक खातं, जीएसटीची नोंदणी, फेसबुकचं पान, वीजबिलाचं खातं जर जुन्या पत्त्याशी जोडलेलं राहिलं असेल, तर ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबलं की नवा पासवर्ड कित्येकदा नव्या मालकाच्या दारात जातो. त्याला काही फोडावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षा संशोधकानं २०१८ मध्ये वकिलांच्या जुन्या फर्मनी सोडून दिलेली नावं नोंदवून दाखवलं की अशिलांची गोपनीय पत्रं अजून त्या नावांवर येत राहतात. २०२४ मध्ये तर संशोधकांनी २० डॉलरमध्ये असं एक नाव घेतलं की ज्याच्यावर पूर्वी ‘डॉट मोबी’नं संपणाऱ्या नावांच्या अख्ख्या गटाची नोंदवही चालत असे. वही दुसऱ्या नावावर हलवली होती, जुनं नाव सुटलं होतं, पण जगभरातली १ लाख ३५ हजारांहून जास्त यंत्रणा जुन्याच दारावर येऊन चौकशी करत होत्या. त्यात सरकारी यंत्रणाही होत्या. संशोधक सज्जन निघाले म्हणून ही गोष्ट आपल्याला कळली.

मोठ्यांचंही होतं, असं म्हणून कुणी समाधान मानू नये. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या ‘पासपोर्ट’ या लॉग-इन सेवेच्या नावाचं भाडं भरायला विसरली आणि हॉटमेल अडलं. एका बाहेरच्याच प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि सेवा सुरळीत झाली. कंपनीनं नंतर आभार मानून त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. आमच्यासाठी असे ३५ डॉलर कुणी भरणार नव्हतं, आणि भरायला हवेत हे कुणाला कळलंही नव्हतं.

कोल्हापुरात हा विषय पेठेपुरता राहत नाही, कारण हा जिल्हाच संस्थांचा आहे. नागरी बँका, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने, शिक्षण संस्था, तालमी. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना, नागरी सहकारी बँकांनाही, आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव गटात ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेश दिला. या गटातली नावं हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेमार्फत मिळतात, वाटेल त्याला मिळत नाहीत. फसवणूक रोखायला हे पाऊल चांगलंच आहे. पण माझ्यासारख्या हिशेब तपासणाऱ्याच्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : जुन्या नावाचं काय? पंधरा-वीस वर्षं पासबुकावर, कॅलेंडरवर, ठेव पावतीवर छापलेलं ते नाव काही वर्षं तरी नव्या साइटकडे वळवून ठेवतील. मग एखाद्या काटकसरी संचालकाच्या नजरेला ‘न वापरातल्या डोमेनचा खर्च’ पडेल. दीड हजार रुपये वाचवल्याबद्दल त्याचं सभेत अभिनंदनही होईल. आणि गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या ठेवीदाराला, ज्यानं ते नाव वीस वर्षांपूर्वी पाठ केलंय, बँकेसारखीच दिसणारी साइट उघडून मिळेल. राखीव गटाची भिंत जितकी मजबूत, तितकं भिंतीबाहेर टाकलेलं जुनं दार चोराला सोयीचं. पतसंस्था तर या आदेशाच्या कक्षेतच नाहीत.

यावर एक आक्षेप मला उद्यमनगरातल्या एका कारखानदार मित्रानं सुनावला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणाला, “भाडं भरलं नाही, गाळा गेला. यात रडायचं काय? नावं कायमची अडवून ठेवली तर नवीन माणसानं जायचं कुठं?” धंद्याच्या नावापुरतं मला त्याचं पटतं. बंद पडलेल्या फाउंड्रीचं नाव उद्या इचलकरंजीच्या कुणी घेऊन चांगला धंदा काढला, तर त्यात वाईट काय? नावं फिरती राहावीत. लिलावात घेणारा प्रत्येक जण लुच्चा असतो असंही नाही, कित्येक जण प्रामाणिकपणे जुनं नाव घेऊन नवं काम उभं करतात. पण गाळ्याची उपमा इथे तुटते. गाळा दुसऱ्याला गेला की जुनी पाटी उतरते. डोमेनमध्ये गाळा आणि पाटी एकच. नवा भाडेकरू जुन्याच पाटीखाली बसतो आणि जुनी गिऱ्हाइकं, जुनी पत्रं, जुनी पत आपोआप त्याच्याकडे येतात.

नावाला थोडं सुतक असावं, ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. निबंधकांनी नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीचं नाव दुसऱ्या कुणाला २० वर्षं देता येत नाही, असा कंपनी नोंदणीच्या नियमांत दंडक आहे. बंद केलेला मोबाइल नंबरसुद्धा किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याच न्यासाचं नाव मात्र दोन-अडीच महिन्यांत परदेशातल्या कुणाच्या तरी हातात जातं आणि धर्मादाय कार्यालयात पानसुद्धा हलत नाही.

नाव गेल्यावर कायद्यानं परत मिळवता येत नाही का? येतं, पण कुणाला? सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं स्पष्ट केलं. डॉट इन नावांसाठी वाद सोडवण्याची वेगळी पद्धत आहे, डॉट कॉमसाठी आंतरराष्ट्रीय लवाद आहे. पण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादापुढे तक्रार नुसती दाखल करायची फी १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. वकील वेगळा. शिवाय नावावर आपला हक्क होता हे दाखवावं लागतं, समोरच्याची नियत वाईट आहे हे सिद्ध करावं लागतं. कंपनीला हे जमतं. ‘न्यू इंग्लिश स्कूल’ हे नाव महाराष्ट्रात किती शाळांचं आहे? त्यातली कुठली ट्रेडमार्क घेऊन बसलीय? आमच्या वाचनालयानं नव्या मालकाकडे मध्यस्थामार्फत विचारणा केली, तेव्हा १८०० डॉलरचा आकडा आला. आमची वर्षाची पुस्तकखरेदी तेवढी नाही. कमिटीतल्या एकानं विचारलं, “हप्त्यानं देतील का?” कुणी हसलं नाही.

म्हणून मला दोन गोष्टी व्हायला हव्यात असं वाटतं. पहिली सरकारच्या हातातली. डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही आपल्याच देशातली संस्था बघते. नोंदणीकृत न्यास, सहकारी संस्था, शाळा, ग्रामपंचायत यांच्या नावावर नोंदलेलं डॉट इन नाव मुदत संपली तरी लिलावात जाऊ नये, कंपनीच्या नावासारखं ते २० वर्षं कुलूपबंद राहावं. मूळ संस्था किंवा तिची वारस संस्था आली तर तिला मिळावं, दुसऱ्याला नाही. नोंदवतानाच नोंदणी क्रमांक घेतला की ही नावं वेगळी काढता येतात. यानं बाजार बुडणार नाही. डॉट कॉमवर आपल्या सरकारचा हात चालत नाही, हे उघड आहे. म्हणून संस्थांनी मुळात डॉट इन घ्यावं आणि घेतलेलं डॉट कॉम सोडू नये. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं, मराठी संस्थेला शोभेल असं. पण मग कोल्हापूरमधला ‘पू’ दीर्घच आहे ना यावर कमिटीत दोन बैठका जातील, याची तयारी ठेवावी.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आणि फुकटातली. लेखापरीक्षणाच्या अहवालात एक ओळ वाढवायची : संस्थेचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, सूचना कोणत्या ईमेलवर येतात, मुदत कधी संपते. बस. संस्थेच्या नावावर नसेल आणि कुणाच्या भाच्याच्या नावावर असेल तर तो दोष म्हणून नोंदवायचा, जसा आपण विनापावती खर्च नोंदवतो. सूचनेचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर तोही दोष, कारण नाव गेलं की ते कळवणारं पत्रही त्याच्याबरोबर जातं. पैसे एकदम दहा वर्षांचे भरायचे, दहा-पंधरा हजार होतात. वार्षिक सभेला सभासदांना द्यायच्या स्टीलच्या डब्यावर कोल्हापूर जिल्ह्यात किती खर्च होतो हे मी या हातांनी तपासलंय, त्यामुळे परवडत नाही हे मला कुणी सांगू नये. संस्था बंदच होणार असेल, तर निर्लेखन करताना आधी नाव कुठल्या तरी जिवंत संस्थेच्या स्वाधीन करायचं आणि मगच कुलूप लावायचं.

हे एकदा मी एका सभेत मांडलं तेव्हा एक संचालक म्हणाले, डेड स्टॉक म्हणजे जी वस्तू हाताला लागते ती. नाव कसं मोजणार? गैर नव्हतं. पण पत, नावलौकिक, पागडी या गोष्टी महाद्वार रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला डोळे मिटून मोजता येतात. ते मोजायला त्यांना लागत नाही वही, आणि आपल्याला वहीशिवाय काही दिसत नाही.

गेल्या चैत्रात आमच्या वाचनालयानं नवं नाव घेतलं, डॉट इन, संस्थेच्या नावावर, १० वर्षांचे पैसे भरून. जुनं परत मिळालं नाही, त्यावर अजून रमी आहे. पावतीपुस्तकं नवी छापली, जुन्यांवर शिक्के मारले, विद्यापीठाला आणि शाळांना दुवे काढायला पत्रं लिहिली, निम्म्यांचं उत्तर आलं. डेड स्टॉक रजिस्टरात नोंद करायला ग्रंथपाल बसले. अनुक्रमांक घातला, वस्तूचं नाव घातलं, खरेदीची तारीख, किंमत. ‘ठिकाण’ या रकान्याशी येऊन ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मीही थोडा वेळ विचार केला. शेवटी पासवर्डचा बंद लखोटा जिथे ठेवलाय ते लिहिलं : कपाट क्र. २, वरचा खण.